नाही म्हणण्याची ऐपत

गेल्या दिवाळीत नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नान आटोपून मी न्हाणीघराच्या दाराबाहेर हात काढला आणि मुलीने त्यात एक कोरा टॉवेल ठेवला. नवा टॉवेल पहिल्या दिवशी पाणी टिपत नाही, नुसते अंगभर फिरवतो, हे सोलापूरच्या माणसाला कोणी सांगावे लागत नाही. मीही तो तसाच फिरवीत होतो. बाहेर पहिले फटाके वाजू लागले होते, उटण्याचा वास अजून नाकात होता आणि फराळाला बसण्याची घाई होती. एवढ्यात टॉवेलाच्या कोपऱ्याकडे माझे लक्ष गेले. तेथे एक इवलीशी कापडी पट्टी शिवलेली होती. तिच्यावर कुठल्याशा परक्या दुकानाचे नाव होते, धुण्याविषयीची चित्रे होती, आणि अगदी तळाशी, भिंग घेऊन वाचावे अशा अक्षरांत, हा माल भारतात तयार झाला एवढे छापले होते. सोलापूरचे नाव कोठेच नव्हते.

ते नसल्याचे मला वाईट वाटले नाही. वाईट दुसऱ्याच गोष्टीचे वाटले, आणि ती गोष्ट सांगितल्यावाचून पुढचे काही सांगता येणार नाही.

मी एका रात्रशाळेत मराठी शिकवतो. शिक्षण म्हणाल तर दहावी, म्हणजे माझ्या वडिलांच्या भाषेत मॅट्रिक. शाळेने मला घेतले ते दोन-चार कादंबऱ्यांच्या भरवशावर, पदवी पाहून नव्हे. माझ्या वर्गात येणारी मुले दिवसभर मागावर, सायझिंगमध्ये, रंगखात्यात किंवा शिलाईच्या कारखान्यात असतात आणि सात वाजता केसांतली सुताची भुसी झटकीत बाकावर येऊन बसतात. त्यातल्या एकाच्या घरी चार यंत्रमाग आहेत. शहराच्या पूर्व भागात, पुढच्या खोलीत माग आणि मागच्या खोलीत संसार, अशी ही घरे असतात. मुलाच्या वडिलांना सगळी गल्ली अण्णा म्हणते. त्यांचे टॉवेल एका व्यापाऱ्यामार्फत परदेशी जात. २०२५ च्या ऑगस्टात अमेरिकेने भारतीय मालावरची जकात आधी २५ टक्के केली आणि त्याच महिन्याच्या अखेरीस ५० टक्क्यांवर नेली. तिकडच्या गिऱ्हाइकाने व्यापाऱ्याला थांबायला सांगितले, व्यापाऱ्याने अण्णांना थांबायला सांगितले. अण्णांनी कोणाला थांबायला सांगावे? सूतवाला थांबत नाही, वीजबिल थांबत नाही, आणि दिवाळी तर मुळीच थांबत नाही. मागवाल्या कामगारांना बोनस द्यायचा होता. पट्ट्या शिवून तयार असलेल्या टॉवेलांची थप्पी पलंगाशेजारी छतापर्यंत गेली होती.

धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी मी तेथे गेलो आणि सहा टॉवेल घेतले. अण्णांनी एकाला २२० रुपये सांगितले. मी १५० म्हटले. का म्हटले? सवय. बाजारात सांगितलेला भाव देणे म्हणजे मूर्खपणा, हे आपल्याला आईच्या बोटाला धरून भाजी आणायला जातो तेव्हापासून शिकवलेले असते. "सहा घेतोय, अण्णा," मी म्हणालो. त्यांनी एकदा थप्पीकडे पाहिले, एकदा माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, "एकशे ऐंशी द्या. घ्या, मास्तर." घरी येताना मी खुशीत होतो. बाजारातून जिंकून आल्याचा एक बारकासा आनंद असतो. बायकोनेही त्याला दुजोरा दिला.

त्या पहाटे ओल्या अंगाने ती पट्टी वाचताना मला अण्णांची ती नजर आठवली. १८० हा भाव त्यांना पटला म्हणून त्यांनी दिला नव्हता. नाही म्हणणे त्यांना परवडत नव्हते म्हणून दिला होता. आणि मी? समुद्रापलीकडचा जो कोणी खरेदीदार दरवर्षी दोन पैसे कमी करून मागतो त्याच्याविषयी वर्गात तावातावाने बोलणारा मी, हातात सहा टॉवेल घेऊन नेमके तेच करून आलो होतो.

याला आणखी एक कारण होते. त्याआधी महिनाभर, भूगोलाचे शिक्षक रजेवर होते म्हणून मी त्यांचा तास घेतला होता. धडा परराष्ट्रव्यापाराचा. आयात, निर्यात, परकीय चलन असे काहीबाही मी फळ्यावर लिहीत होतो. अण्णांचा मुलगा शेवटच्या बाकावरून म्हणाला, "सर, ते लोक आपल्याकडूनच टॉवेल का घेतात?"

"आपला माल चांगला असतो म्हणून."

"चीनचा पण चांगला असतो की सर."

"आपला स्वस्त पडतो."

"म्हंजे आम्ही स्वस्त पडतो." वर्ग हसला. तो हसला नाही. "आम्ही महाग झालो तर ते दुसरीकडं जाणार. स्वस्त राहिलो तर आम्ही हाय असंच राहणार. मग काय करायचं सर?"

मी म्हटले, उद्या बघू. शिक्षकाच्या आयुष्यात या दोन शब्दांनी जेवढी अब्रू वाचवली आहे तेवढी कोणत्याच पदवीने वाचवली नसेल. पण पोरगा चिवट आहे आणि प्रश्न त्याहून चिवट. वर्ष होत आले, तो माझ्या मागे आहे. देशोदेशीचे विद्वान या प्रश्नावर ग्रंथ लिहितात. मला त्यातले फार थोडे कळते. मला माझे गाव कळते, आणि या गावाचा जन्मच, निदान आजच्या रूपातला, या प्रश्नाच्या पोटी झाला आहे.

१८६० साली रेल्वे सोलापूरला येऊन पोचली. वर्षभरात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला, आणि आपल्या काळ्या रानातल्या कापसाला सोन्याचा भाव आला. कापूस पिकवणाऱ्याला वाटले, दिवस पालटले. १८६५ मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले, आणि मुंबईत मोठमोठे पेढीवाले एका रात्रीत भिकेला लागले. मुंबईच्या पेढ्यांची हकीकत पुस्तकांत सापडते. ज्या कुणब्याने चढ्या भावाच्या भरवशावर सावकाराकडून कर्ज काढले होते त्याची तितकी सापडत नाही. जग आपल्या दाराशी येते आणि तसेच निघूनही जाते, हे या मुलखाला तेव्हा प्रथम कळले असावे.

नंतर आला १८७६ चा दुष्काळ. त्याचे वर्णन सणाच्या अंकात करू नये. पण एक-दोन गोष्टी सांगितल्याच पाहिजेत. सरकारचे मत असे होते की धान्याच्या व्यापारात हात घालू नये, व्यापार आपोआप धान्य पोचवील. व्यापाराने धान्य पोचवले ते जेथे पैसा होता तेथे. माणसे मरत असताना देशातला गहू जहाजांतून बाहेर जातच होता. दुष्काळी कामावरच्या मजुराला किती द्यावे याचा विचार करायला सर रिचर्ड टेंपल या अधिकाऱ्याला नेमले होते. त्याने हिशेब करून ठरवले की दिवसाला एक पौंड धान्य आणि वर एक आणा पुरे. १८७७ च्या जानेवारीत मुंबई इलाख्यात अशी मजुरी घटवताच हजारो माणसे कामे सोडून निघून गेली. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू उचलली. उपाशी माणसे 'नाही' म्हणाली! मी पुढे जे सांगणार आहे त्याला ही गोष्ट थोडी छेद देते. पण ती मला इतकी मोठी वाटते की सोयीसाठी लपवावीशी वाटत नाही.

त्याच जानेवारीच्या पहिल्या तारखेला दिल्लीत राणीला सम्राज्ञी जाहीर करणारा दरबार भरला होता, आणि सार्वजनिक काका त्या दरबारात खादीचा पोषाख करून गेले होते. आणि त्याच १८७७ साली सोलापुरात मोरारजी गोकुळदासांची गिरणी सुरू झाली. तीच पुढे आमची 'जुनी गिरणी'. यंत्रे विलायतेहून आलेली, भांडवल मुंबईचे, आणि माणसे दुष्काळाने शेतातून उखडलेली. तेलंगणातून पद्मशाली विणकर येत राहिले, त्यांच्या मागांवर आमची चादर जन्मली. दरबार, दुष्काळ, खादी आणि गिरणी, सगळे एकाच वर्षात!

आता विचारा: त्या गिरणीने गरिबी वाढवली की कमी केली? कापसाची भुसी छातीत जाई, दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत काम, मुले-बायका सगळी त्यात. आजच्या माणसाला ते वर्णन वाचवत नाही. पण दगड फोडून पौंडभर धान्य मिळवणाऱ्याला हे विचारले असते, तर तो गिरणीच्या दारावर रांगेत उभाच राहिला असता, आणि राहिलाच. गिरणीचे काम वाईट होते; त्याच्यासमोर दुसरे जे होते ते त्याहून वाईट होते. व्यापाराची, भांडवलाची बाजू घेणारे जेव्हा असे बोलतात तेव्हा मला राग येतो. आणि ते खोटे आहे असे मात्र म्हणता येत नाही.

मला आवडते ते दादाभाईंचे बोलणे. या देशातून दरसाल किती संपत्ती वाहून जाते याचा हिशेब त्यांनी जन्मभर मांडला आणि १९०१ मध्ये तो ग्रंथरूपाने जगापुढे ठेवला. रानड्यांनी मात्र १८९० च्या पुण्यातील औद्योगिक परिषदेत निराळा सूर लावला: या खंडणीचे रडगाणे गात बसण्यापेक्षा कारखाने उभारा, बाहेरचे भांडवल ज्यात आहे त्यालाही सरसकट शाप देऊ नका. तरुणपणी रानडे मला मिळमिळीत वाटत. आता तसे वाटत नाही; पण रानड्यांचे ऐकून कारखाने काढणाऱ्यांचे काय झाले तेही पाहा. १८९६ मध्ये सरकारने परदेशी कापडावर साडेतीन टक्के आयात-जकात ठेवली आणि मँचेस्टरच्या गिरणीवाल्यांना तोशीस नको म्हणून इथल्या गिरण्यांत विणलेल्या कापडावरही तेवढाच कर बसवला. तो हटायला १९२६ साल उजाडले. याला तेव्हा खुला व्यापार म्हणत. २०२५ मध्ये त्याच खुल्या व्यापाराचे पुरस्कर्ते म्हणवणाऱ्यांनी एका रात्रीत ५० टक्के जकात लावली. शब्द बदलत नाहीत, कोणाच्या सोयीने वापरायचे ते बदलते.

आमच्या गावात एक वस्ती आहे. तिला अजून सगळे 'सेटलमेंट' म्हणतात. रिक्षावाल्याला सांगा, तो बरोबर नेतो. इंग्रज सरकारने काही जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या आणि त्यांना येथे तारेच्या कुंपणात ठेवले. हजेरी द्यायची, गिरणीत कामाला जायचे, परत कुंपणात यायचे. १९५२ च्या ३१ ऑगस्टला तो कायदा गेला आणि तार तुटली. एकाच गिरणीत, एकाच कापसावर दोन तऱ्हेची माणसे काम करीत होती. एक तेलंगणातून आलेला विणकर. त्याला गिरणी नको झाली तर घरी हातमाग टाकता येई, मुंबईला जाता येई. दुसरा तारेआडचा, त्याला गिरणी नको म्हणण्याची सोय नव्हती. कामाचे नाव एक, कापड एक, दूरदेशीच्या बाजारातला भावही एक. पण एकाला गिरणी हा आधार होता आणि दुसऱ्याला ती तुरुंगाचीच एक खोली होती. अण्णांच्या मुलाच्या प्रश्नाचे काही उत्तर असेल तर ते या दोन माणसांमधल्या फरकात कोठेतरी आहे, असे मला वाटू लागले आहे.

जुन्या गिरणीचा शेवटही शिकण्यासारखा. १९४९ मध्ये ती बंद पडली, १९५० च्या जानेवारीत केंद्र सरकारने वटहुकूम काढून ताब्यात घेतली, आणि एक भागधारक सर्वोच्च न्यायालयात गेला. भागधारकाचे हक्क कोठवर, मालमत्ता म्हणजे काय, यावर मोठमोठे न्यायमूर्ती बोलले; कायद्याचे विद्यार्थी ते खटले अजून वाचतात. एका शेअरचा हक्क केवढ्या काळजीने तोलला गेला! भोंग्याच्या आवाजावर उठणाऱ्याचा हक्क तोलायला त्या तराजूत पारडेच नव्हते.

माझे वडील दुसऱ्या एका गिरणीत साचेखात्यात होते. तिचे नाव सांगत नाही. बंद पडलेल्या गिरण्या या गावात पुष्कळ, आणि कथा एकच. मी दहावीला होतो त्या वर्षी तिचा भोंगा थांबला. आमच्या घरात घड्याळ नव्हते, त्यामुळे पुढे कितीतरी दिवस आई चुकीच्या वेळी उठे. पण मला सांगायचे आहे ते वेगळेच. आई बिड्या वळत असे. सोलापुरात हजारो घरांत बायका अजून वळतात: पत्ती भिजवायची, पत्र्याच्या मापाने कातरायची, तंबाखू भरून वळायची, दोरा गुंडाळायचा, आणि हजार झाल्या की नेऊन द्यायच्या. तेथे बसलेला माणूस त्यातल्या काही बाजूला काढतो. त्याला छाट म्हणतात. छाटीचे पैसे मिळत नाहीत. वडील कामावर होते तोवर आई त्या माणसाशी भांडत असे. "एवढी छाट? ठेवा तुमच्या बिड्या तुमच्याजवळ," असे म्हणून सूप उचलून ती घरी आल्याचे मला आठवते, दोन दिवसांनी तिकडूनच निरोप आला होता. गिरणी बंद पडल्यावर तोच माणूस, त्याच बिड्या, तेच हात. पण छाट वाढली. आई काही बोलेना. तिच्या बिड्या बिघडल्या नव्हत्या. त्या माणसाला कळले होते की हिला आता दुसरे दार नाही.

मजुराची किंमत त्याच्या हातातल्या कसबावर ठरते असे आम्ही वर्गात शिकवतो. थोडी ठरते. बाकीची ठरते ती त्याच्या पाठीमागे दुसरे दार आहे की नाही यावर. जागतिक बँकेने २०२५ च्या जूनमध्ये अतिदारिद्र्याची रेषा दिवसाला ३ डॉलरवर आणली. विद्वानांना मोजायला काही रेषा हवी हे खरे. पण माझ्या घरात मी जी रेषा पाहिली ती आईच्या 'ठेवा तुमच्याजवळ' आणि तिच्या गप्प बसण्याच्या मध्ये होती.

म्हणून परदेशी गिऱ्हाईक आले, परदेशी भांडवल आले, तर गरिबी जाते की वाढते, असे मला कोणी विचारले तर मी उलट विचारीन: ते दुसरे दार म्हणून आले की एकुलते एक दार म्हणून? कारण या भांडवलाला पाय असतात आणि माणसाला मुळे असतात. ते आज सोलापुरात, उद्या ढाक्याला. अण्णांना चार माग डोक्यावर घेऊन ढाक्याला जाता येत नाही.

ढाक्याचे नाव आले म्हणून. आपल्या अंगावरचे कित्येक स्वस्त सदरे बांगलादेशात शिवलेले असतात. तेथे सुमारे ४० लाख माणसे या धंद्यात आहेत, त्यांत बायका अधिक. २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळ सावर येथे राणा प्लाझा नावाची आठ मजली इमारत कोसळली आणि ११३४ माणसे मेली. आदल्या दिवशी भिंतींना तडे गेलेले सर्वांनी पाहिले होते. त्या इमारतीत खालच्या मजल्यावर एक बँक होती; तिने आपल्या लोकांना घरी पाठवले. वरच्या मजल्यांवरच्या शिवणकाम करणाऱ्या मुलींना दुसऱ्या दिवशी आत जायला लावले. पगार जाईल अशी भीती कित्येकींना घालण्यात आली. तडा एकच. बँकेतल्या कारकुनालाही दिसला आणि शिलाईवालीलाही दिसला. डोळे दोघांना होते. तडा पाहून घरी जाण्याची ऐपत एकालाच होती.

मग काय, आपण बांगलादेशी सदरा घेणे बंद करावे? दुर्घटनेनंतर युरोपात काहींना असे वाटले. पण सदरे बंद झाले असते तर त्या मुलींपुढे उरले असते खेड्यातले लवकर झालेले लग्न आणि दुसऱ्याच्या घरची धुणीभांडी. मागणी होती ती दार बंद करण्याची नव्हे, जिना भक्कम करण्याची. त्याच मे महिन्यात पुष्कळ परदेशी कंपन्यांना कामगार संघटनांबरोबर इमारतींच्या सुरक्षिततेचा बंधनकारक करार करावा लागला. धंदा बांगलादेशातच राहिला. कंपन्यांना तो करार आधीही करता आला असता. त्यासाठी ११३४ माणसे कशाला मरायला हवी होती, हे त्यांनाच विचारायला हवे.

माझे एक व्यापारी स्नेही आहेत. चहाच्या वेळी ते मला नेहमी चीन ऐकवतात. "मास्तर, चाळीस वर्षांत ८० कोटी माणसं गरिबीतून वर काढली त्यांनी. निर्यात करून! तुम्ही बसा कादंबऱ्या लिहीत." आकडा जागतिक बँकेचाच आहे आणि तो मी नाकारत नाही. मानवी इतिहासात असे दुसरे उदाहरण नाही. पण मी त्यांना एवढेच म्हणतो की शेटजी, कारखान्यांच्या आधी तिथे १९७८ नंतर शेतकऱ्याला कसायला जमीन वाटून दिली होती. शहरात मजुरीला आलेल्या पोराच्या मागे गावी एक तुकडा होता, आणि तो शाळेत गेलेला होता. संघटना करायला त्याला मोकळीक नव्हती हे वाईटच; पण कारखाना अगदीच नकोसा झाला तर परत जायला जागा होती. शेटजी म्हणतात, हे सगळे तुम्ही जुळवून आणता. असेलही. मीही कादंबरीकार आहे. जुळवण्याची खोड जात नाही.

पण एक उदाहरण मी जुळवलेले नाही. १९७२ चा दुष्काळ याच मुलखात पडला. आमच्या जिल्ह्यातली माणसे पुन्हा खडी फोडायला गेली. या वेळी कोणी पौंडभर धान्याचा हिशेब मांडला नाही. वि. स. पागे यांनी सांगली जिल्ह्यातल्या विसापुरात आधीच एक प्रयोग करून पाहिला होता. त्यातून रोजगार हमी उभी राहिली, आणि १९७७ साली, टेंपलच्या मजुरीनंतर बरोबर शंभर वर्षांनी, महाराष्ट्राने तिचा कायदा केला. मागेल त्याला काम. योजनेत खाबूगिरी झाली, हजेरीपटावर मेलेली माणसे कामाला आली, ते सर्व खरे. पण गावच्या पाटलाच्या शेतावर रोजाने जाणाऱ्या बाईला प्रथमच असे म्हणता आले की एवढ्यावर परवडत नाही, मी सडकेच्या कामावर जाते. ती सडकेवर गेली नाही तरी चाले. जाऊ शकते हे पाटलाला ठाऊक असले म्हणजे पुरे.

मग अण्णांच्या मुलाला काय सांगायचे? आम्ही स्वस्त आहोत म्हणून ते घेतात, हे खरेच आहे, बाळ. यात लाज नाही. पहिल्यांदा बाजारात जाणारा प्रत्येक जण स्वस्तच जातो. लाज आहे ती आपण स्वस्तच राहावे अशी व्यवस्था करण्यात, आणि ती व्यवस्था करणारे सगळे समुद्रापलीकडे राहतात असे नाही. २००४ च्या अखेरीपर्यंत श्रीमंत देशांनी आपल्यासारख्यांच्या कापडावर कोटा ठेवला होता. तो २००५ पासून उठला; दार मोठे झाले, पण त्यातून शिरले ते मुख्यतः मोठ्या गिरण्यांचे धिप्पाड माग, अण्णांचे चार नव्हेत. सोलापुरी चादरीला आणि टॉवेलाला भौगोलिक निर्देशनाची नोंद मिळाली. नाव राखले गेले. पण माझ्या टॉवेलाच्या पट्टीवर ते नाव नव्हतेच. २०२२ च्या मे महिन्यात कापसाची खंडी लाखाच्या वर गेली तेव्हा बार्शीकडचा कापूसवाला शेतकरी पेढे वाटत होता आणि अण्णा दोन माग बंद ठेवून बसले होते. कोणाचा आनंद खरा मानायचा? माझ्याजवळ उत्तर नाही. दोघांकडे थोडी शिल्लक असती, तर भाव चढो-उतरो, दोघेही रात्री झोपले असते, एवढेच मला दिसते. ती शिल्लक गिऱ्हाईक आणून देत नाही. ती शाळेतून येते, रेशनच्या दुकानातून येते, चार मागवाल्यांनी एकत्र येऊन सूत घेण्यातून येते, संघटनेतून येते, आणि दुखणे आले तर घर विकावे न लागेल अशा दवाखान्यातून येते. यातले कितीतरी आपण इथेच करू शकलो असतो. केले नाही. आणि दिवाळीच्या बाजारात एकमेकांकडून ४० रुपये कमी करून घेत राहिलो.

मला दर महिन्याला पगार मिळतो. थोडा, पण मिळतो. म्हणून मी प्रकाशकाला नाही म्हणू शकतो, आणि म्हणालोही आहे. ती माझी सद्‍गुणाची कमाई आहे असे मी कितीतरी वर्षे समजत होतो.

भाऊबीज झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी एका पाकिटात २४० रुपये घातले आणि अण्णांकडे गेलो. थप्पी तशीच होती, थोडी खाली आली होती. अण्णा मागाला तेल देत होते. मुलगा कांड्या भरीत बसला होता.

"हे काय, मास्तर?"

"त्या दिवशीचे राहिलेले."

"राहिलेलं काय नाय. भाव ठरला, माल गेला."

"अण्णा, तुम्ही अडचणीत होता. मी तसं मागायला नको होतं."

त्यांनी तेलकट हात धोतराच्या कडेला पुसले, पाकीट माझ्या हातातून घेतले आणि ते माझ्याच खिशात घालून वरून थोपटले. "नको म्हटलं न," ते म्हणाले. मग मुलाकडे वळून, "जा, सरांना चहा सांग."

मुलगा उठला. जाताना त्याने माझ्याकडे पाहिले. काहीतरी विचारण्याच्या बेतात होता. पण अण्णांनी खटका ओढला, माग सुरू झाला, आणि त्या आवाजात बोलणे शक्य नव्हते.